दहावीच्या आधी लेकीची खोली नीट करायची आहे, हातात १५,००० आहेत

मुलुंडची आई, ११ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथे नुसतं वाचते आहे, आज पहिल्यांदा विचारते.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. बिल्डिंग १९८६ची, चार मजली, लिफ्ट नाही. आमचा ब्लॉक तिसऱ्यावर. आतली खोली १० बाय ९ची, उंची साडेनऊ फूट, आणि ती माझी लेक आणि माझ्या सासूबाई अशा दोघींची आहे. लेक १४ वर्षांची, नववीत. सासूबाई ७८च्या.

खोलीला शेवटचा रंग लागला तेव्हा लेक बालवाडीत होती. गुलाबी. तिच्या पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर फुलपाखरांचे स्टिकर आहेत, अर्धे निघालेले, अर्धे निघता निघत नाहीत. समोर सासूबाईंचा दिवाण. कोपऱ्यात माझ्या लग्नातलं स्टीलचं कपाट, राखाडी, खालून गंजलेलं. खिडकीची भिंत पश्चिमेची. तिला दर पावसाळ्यात ओल येते. यंदा खिडकीखाली तळहाताएवढे पोपडे सुटले आहेत आणि बोट लावलं की पांढरी पावडर येते. टेबल नाहीच. लेक पलंगावर मांडी घालून, मांडीवर उशी, उशीवर वही, असा अभ्यास करते.

गेल्या महिन्यात तिच्या वर्गातल्या दोघी प्रोजेक्टसाठी येणार होत्या. संध्याकाळी मी कामावरून आले तर तिघी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात चटई टाकून बसलेल्या. नंतर विचारलं तर म्हणाली, "आजी झोपली होती." सासूबाई तेव्हा बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होत्या, मी दार उघडलं तेव्हा पाहिलं होतं. मी काहीच बोलले नाही. पण त्या रात्री भांडी घासताना ती चटई डोळ्यांपुढून हलेना.

दिवाळीच्या बोनसमधले १५,००० मी या खोलीसाठी बाजूला ठेवले आहेत. आमचे हे म्हणतात, दोन वर्षांनी सगळ्या घराला रंग काढू तेव्हा होईल. दोन वर्षांनी ती अकरावीत असेल. मला आत्ताच करायचं आहे.

लेकीला एक भिंत गडद हिरवी हवी आहे आणि ते एलईडीच्या पट्टीचे दिवे हवे आहेत. एवढ्याशा खोलीत गडद रंग म्हणजे आणखी कोंडल्यासारखं होईल का? आणखी एक अडचण. सासूबाई साडेनऊला आडव्या होतात, लेकीचा अभ्यास साडेअकरापर्यंत चालतो. ट्यूबलाइट एकच, बरोबर मधोमध. सासूबाई डोळ्यांवर पदर घेऊन झोपतात. रात्री दोनदा उठून मोरीकडे जातात, तेव्हा अंधारात चाचपडत. दोघींपैकी एकीनेही कधी तक्रार केलेली नाही, आणि मला त्याचंच जास्त लागतं.

सुरुवात कुठून करू?

भांडुपचा रंगारी, ११ ऑक्टोबर

ताई, मी २२ वर्षं रंगाचं काम करतो. सुरुवात खिडकीखालच्या भिंतीपासून. बाकी काहीही विकत घेऊ नका तोवर.

ती पांढरी पावडर म्हणजे भिंतीतले क्षार. बाहेरचं पाणी विटेतून, गिलाव्यातून आत येतं, येताना क्षार विरघळवून आणतं. पाणी सुकून जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात आणि रंगाला मागून ढकलतात. म्हणून पोपडे. यावर महागातला महाग रंग मारलात तरी पुढच्या ऑगस्टात भिंत अशीच दिसेल.

भिंत अजून किती ओली आहे ते घरीच कळतं. फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीला घट्ट बसवा, दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला दव धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या अंगाला धरलं तर हवेतला दमटपणा आहे.

आता मूळ कारण. मुंबईत पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जास्त सोसतात. खाली उतरून तुमच्या खिडकीकडे बघा. खिडकीच्या कट्ट्याखाली किंवा छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे भेग दिसेल. ती भेग बाहेरून भरायला हवी, आणि तो खर्च तुमचा नाही. सोसायटीचे जे आदर्श उपविधी (नमुना नियम) आहेत त्यांत बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाइपांची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची असते. सेक्रेटरींना तोंडी सांगू नका. फोटो लावून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आतून वॉटरप्रूफिंगचा हात मारून देतो असं कोणी म्हणेल, त्याला नाही म्हणा. बाहेरून पाणी चालू असेल तर ते शेजारून वाट काढतं.

भेग बंद झाली की आतले पोपडे पत्रीने पूर्ण खरवडायचे, क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे, आणि भिंत उघडी ठेवायची. निदान तीन आठवडे. पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा त्यासाठी उत्तम. लोकांना दिवाळीच्या आधी रंग हवा असतो म्हणून ते ओल्या भिंतीवर लांबी (पुट्टी) भरून घेतात, आणि मग रंगाऱ्याला शिव्या बसतात. तुम्ही दिवाळी जाऊ द्या.

रंगाचा हिशोब सांगतो. चारी भिंती मिळून ३६१ चौरस फूट, दार-खिडकी वजा करून ३२५च्या आसपास. नीट तयार केलेल्या भिंतीवर एका लिटरमध्ये १०० ते १२० चौरस फुटांना दोन हात बसतात. म्हणजे तीन लिटर पुरे. दुकानदार चार-पाच लिटर गळ्यात मारेल.

हिरव्या भिंतीबद्दल: पोरीला हवी असेल तर द्या. फक्त दोन भिंतींवर नको. ओलीच्या भिंतीवर नको, कारण थोडे जरी क्षार परत आले तरी गडद रंगावर पांढरे डाग लांबून दिसतात. आणि खिडकीच्या समोरच्या भिंतीवर नको, कारण उजेड तिच्यावर पडून खोलीत पसरतो. उरलेल्या दोन आडव्या भिंतींपैकी पलंगाच्या बाजूची घ्या.

खिडकीच्या ग्रिलला १९८६पासूनचा ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. पाणी लावून ओला घासा, आजींना आणि मुलीला बाहेरच्या खोलीत बसवा, आणि खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्या.

खिडकीतली कुंडी, १२ ऑक्टोबर

एवढा खटाटोप कशाला? चिकटवायचा वॉलपेपर मिळतो, एका दुपारी काम होतं. आम्ही बोरिवलीला लावलाय, छान दिसतो.

भांडुपचा रंगारी, १२ ऑक्टोबर

कोरड्या भिंतीवर लावला असेल तर दिसणारच. ओलीच्या भिंतीवर त्याच्या मागे काळी बुरशी धरते आणि ती दिसतही नाही. ७८ वर्षांची बाई त्या खोलीत झोपते. नको.

लालबागची लेक, १२ ऑक्टोबर

काकू, मी २३ वर्षांची आहे. बारावीपर्यंत मी आणि माझी आजी एकाच खोलीत होतो, आणि ती खोली तुमच्या खोलीपेक्षा लहान होती. तुमचं जिन्यातल्या चटईचं वाचलं आणि थांबलेच. मी मैत्रिणींना गणेश टॉकीजच्या कोपऱ्यावर भेटायचे. घरी आणायचेच नाही.

मला रंगापेक्षा एक गोष्ट जास्त हवी होती. कोणी न हलवलेली एक जागा. माझी वस्तू मी जिथे ठेवली तिथेच सापडावी. आमच्याकडे माझ्या वह्यांवर डाळीचा डबा यायचा, माझ्या खुंटीवर पाहुण्यांच्या पिशव्या यायच्या. तिला एक कप्पा, एक खुंटी आणि भिंतीचा एक तुकडा असा द्या की त्याला तुम्हीसुद्धा हात लावणार नाही. अगदी आवरायलासुद्धा नाही.

पैशांचं म्हणाल तर भिंतीचे पैसे तुमच्याकडे ठेवा आणि बाकीचे तिच्या हातात द्या. खरंच द्या, रोख. ती तुमच्यापेक्षा जपून खर्च करेल.

दिव्यांबद्दल मला पक्कं माहीत आहे, कारण आमचं भांडण त्यावरूनच व्हायचं. मधली ट्यूबलाइट रात्री साडेनऊनंतर बंद. टेबलावर खाली वळणारी मान असलेला दिवा, लेक उजव्या हाताने लिहीत असेल तर डाव्या बाजूला, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. दिव्याची टोपी आजीच्या उलट दिशेला. बल्बच्या पाकिटावर के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं असतं ते बघा: ६५०० म्हणजे ट्यूबलाइटसारखा पांढराफटक, ४०००चा वाचायला बरा, २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळसर, निजण्यापूर्वीचा. एलईडीची पट्टी घेतलीत तर ती ओलीच्या भिंतीपासून लांब, टेबलाच्या मागच्या कडेला. भिंतीवरून काढताना ती रंग घेऊन निघते. हे सगळं लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळतं. रविवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात.

पलंग आणि दिवाण यांच्यामध्ये पडदा टाका. आमच्याकडे आईने सुती साडीचा केला होता. आजी पडद्याच्या पलीकडून माझ्याशी बोलायची आणि तोंड दिसत नसल्यामुळे मी तिला कितीतरी गोष्टी सांगितल्या आहेत.

जुनं ते सोनं, १३ ऑक्टोबर

टेबल जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात बघा. आधी खिडकीखालची जागा मोजून न्या, आणि जिन्याच्या वळणाचीही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तर पाय सुटे होणारं टेबल घ्या.

टेबल उलटं करून कडा बघा. पातळ थर एकावर एक दिसले तर प्लाय. दाबलेला भुसा दिसला तर सोडून द्या, आपल्या हवेत तो दोन पावसाळ्यांत फुगतो. सांध्यांत टॉर्च मारा. बारीक काळे ठिपके म्हणजे ढेकूण. खाली पिवळट पीठ पडलेलं असेल तर भुंगा लागलाय. गादी मात्र जुनी कधीही आणू नका. आणलेलं टेबल आधी गच्चीवर दोन दिवस उन्हात ठेवा, पुन्हा तपासा, मग घरात घ्या. आणि मांडताना त्या भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून ठेवा, मागे हवा खेळू द्या.

मुलुंडची आई, १४ ऑक्टोबर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लास्टिकचा कागद लावला होता. दव भिंतीकडून धरलं. खाली जाऊन बघितलं तर खिडकीच्या कट्ट्याखाली आडवी भेग आहे, तिच्यातून पिंपळाचं रोपटं आलंय. अर्ज दिला, पोच घेतली.

लालबागची लेक, तुझा निरोप मी दोनदा वाचला. तिच्या वह्यांवर मीही डबे ठेवते ग.

मुलुंडची आई, ७ डिसेंबर

खोली झाली. सविस्तर लिहिते, कारण दोघी-तिघींनी विचारलं आहे.

सोसायटीने भेग भरायला जवळजवळ तीन आठवडे लावले. मला दोनदा सेक्रेटरींकडे जावं लागलं, पण पिंपळ मुळासकट काढून बाहेरून नीट गिलावा केला. तोवर भिंत खरवडून उघडी. दिवाळीला पाहुणे आले ते त्या उघड्या भिंतीकडे बघत बसले. माझ्या नणंदेने विचारलंच. सासूबाईंनी उत्तर दिलं, "सुकतेय ती. घाई करायची नाही." मला बोलावंच लागलं नाही.

ओलीच्या भिंतीसाठी रंगारी लावला, दोन दिवसांचे २,०००. बाकी तीन भिंती आम्ही तिघांनी दोन रविवारांत केल्या. आमचे हे पहिल्या रविवारी नुसते दारात उभे होते, दुपारी चहा झाल्यावर त्यांनी रोलर हातात घेतला. लांबी, प्रायमर, रंग, पॉलिश पेपर, रोलर मिळून ३,८५०. पलंगाकडची भिंत हिरवी आहे, बाटलीच्या काचेचा असतो तो हिरवा. बाकीच्या तीन फिकट, सायीच्या रंगाच्या. मला भीती होती तसं कोंडल्यासारखं अजिबात होत नाही. उलट त्या भिंतीमुळे पलंग मागे सरकल्यासारखा वाटतो. फुलपाखरांचे स्टिकर केस वाळवायच्या मशीनची गरम हवा देऊन आणि खोबरेल तेल चोळून निघाले. एक तिने ठेवलं. मी का म्हणून विचारलं नाही.

टेबल ओशिवऱ्याला २,६००ला मिळालं, तीन फूट बाय दीड, प्लायचं. टेम्पोचे १,४०० गेले ते जड वाटले. चौकशी करत बसले असते तर मुलुंड-भांडुपमध्येच जुनं काहीतरी सापडलं असतं, असं आता वाटतं. पण ते घेताना लेक सोबत होती. तिने टेबल उलटं करून कडा बघितली, टॉर्च मारला, आणि दुकानदाराने मोबाइल काढून ३,५०० सांगितले तेव्हा "काका, मागचा पाय डुगडुगतोय" असं शांतपणे म्हणाली. घासाघीस तिनेच केली.

कपाट मला खरं तर काढून टाकायचं होतं. लेक नको म्हणाली. गंज पॉलिश पेपरने घासून काढला, रेड ऑक्साइडचा एक हात, वर ऑइल पेंटचे दोन, पांढऱ्याच्या जवळचा. ६२० रुपये. तीन दिवस वास होता, तेव्हा दोघी बाहेरच्या खोलीत झोपल्या. कपाटाची जी बाजू टेबलाकडे येते तिच्यावर आता लोहचुंबक लावून तिचं वेळापत्रक, मैत्रिणींचे फोटो, कसलीकसली तिकिटं. सॉफ्ट बोर्डाचा खर्च वाचला, भिंतीला एक भोक नाही. ही तिची युक्ती.

पडद्यांची गोष्ट सांगायला हवी. मी कापड आणायला मंगलदास मार्केटला जायचं ठरवत होते. सासूबाईंनी आदल्या रात्री ट्रंक उघडायला लावली आणि दोन इरकली काढल्या. सुती, एक निळी, एक तांबडी, दोन्ही वीस वर्षांत नेसलेल्या नाहीत. मी म्हटलं, आई, या नका कापू. त्या म्हणाल्या, "ट्रंकेत ठेवून काय व्हायचंय? कसर लागेल." पाचवारी साडीची लांबी साडेपाच मीटर. पलंग-दिवाणामधल्या पडद्याला निळीचे सात फुटांचे दोन तुकडे निघाले, जोडून साडेसात फूट रुंदी झाली, आणि सहा फुटांच्या पलंगाला थोड्या चुण्या पडून बरोबर पुरली. उरलेल्या सव्वा मीटरमध्ये उशीची खोळ. तांबडीचे चार तुकडे केले. त्यांतले दोन तुकडे चार फुटांच्या खिडकीला, दोन ठेवून दिलेत, धुण्याच्या वेळेला बदलायला. पदर कापू दिला नाही मी, तो पडद्याच्या खालच्या कडेला येईल असं शिंप्याला समजावून सांगितलं. शिलाई, रॉड आणि मधला आधार मिळून ८५०. तार लावणार होतो पण शिंपी म्हणाला, एवढ्या लांबीला ती झोळासारखी लोंबते.

लेकीची कापसाची गादी पिंजून घेतली, नवीन खोळ शिवली, १,१००. दिवे आम्ही दोघी शनिवारी लोहार चाळीत जाऊन आणले. मान वळणारा टेबललॅम्प आणि दोन बल्ब, ९५०. एलईडीच्या पट्टीपाशी ती बराच वेळ उभी होती. हातात तिचेच पैसे होते. मग म्हणाली, नको, दिवा आहे तेवढा पुरे, आणि पुढे निघाली. मी घे म्हटलं तरी नाही घेतली.

हिशोब तिच्या रफ वहीच्या शेवटच्या पानावर आहे: एकूण १३,३७०. एक चूकही लिहून ठेवते. कपाटाच्या वर मी मनीप्लांट पाण्याच्या बाटलीत ठेवला होता. डेंग्यूच्या तपासणीला महापालिकेचे लोक आले, त्यांनी बाटली उजेडात धरून दाखवली. अळ्या होत्या. तो आता मातीत लावला आहे.

लालबागची लेक, ७ डिसेंबर

काकू, पडद्याचा फोटो नका टाकू, तिला विचारल्याशिवाय तर नकोच. पण एक सांगा, त्या दोघी आल्या का?

मुलुंडची आई, ८ डिसेंबर

आल्या. गेल्या शनिवारी. मी कामावर होते, सासूबाईंनी सांगितलं. तिघी आत होत्या, दार लोटून. सासूबाई दुपारच्या पडायला आपल्या दिवाणावर होत्या, पडद्याच्या अलीकडे. भूगोलाचं काहीतरी चाललं होतं. मधेच एकीने विचारलं, हे पडद्याचं कापड कुठून आणलं, तर लेक म्हणाली, आजीची साडी आहे. मग तिघींनी पडदा बाजूला करून सासूबाईंना विचारलं, ती कधी घेतली, कुठे घेतली. सासूबाई संध्याकाळी मला तेच सांगत होत्या, सोलापूरला १९८१ साली, माझ्या दिरांच्या बारशाला.

वहीत १,६३० उरलेत. मी म्हटलं, आता तरी ती पट्टी आण. तिने भिंतीवर दाराजवळ पेन्सिलीने खूण केलीय, गुडघ्याच्या उंचीवर. तिथे छोटा रात्रीचा दिवा हवाय, माणूस जवळ आलं की आपोआप लागणारा. आजी रात्री उठते ना, म्हणाली. रंगारीदादा, तिथे जवळ पॉइंट नाही आणि स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत भोक पाडायचं धाडस मला होत नाही. चार्जिंगवर चालणारा, चिकटवायचा दिवा नव्या रंगावर टिकेल का?

भांडुपचा रंगारी, ८ डिसेंबर

बोर्डाच्या सरळ रेषेत भोक नकोच, आत वायरी असतात. नवीन रंगाला चिकटवायची वस्तू महिनाभर लावू नका, रंग पुरता पिकू द्या. तोपर्यंत दिवा दाराच्या लाकडी चौकटीला लावा. उंची तीच ठेवा, पोरीने खूण बरोबर केलीय.